पाच मिनिटं मोकळं होऊन येऊ

खोटं वाटेल, पण ज्या कंपनीत एकाहून एक देखणे नळ, बेसिनं आणि फ्लश बनायचे, त्या कंपनीच्या आठव्या मजल्यावर बायकांसाठी एक साधा संडास नव्हता.

पुरुषांसाठी होता. आणि काय होता! बोर्डाच्या खोलीला लागूनच, दार उघडलं की डोळे दिपावेत असा. कंपनीचा सगळ्यात भारी माल तिथं बसवलेला. नळाखाली हात धरला की पाणी आपोआप यायचं, पाठ फिरवली की फ्लश आपोआप व्हायचा. भिंतीला इतका गुळगुळीत दगड की एका पाहुण्याने म्हणे त्यात बघून भांग पाडला आणि मग कळलं, आरसा पलीकडच्या भिंतीला आहे. बायकांची सोय कुठं, तर पार पहिल्या मजल्यावर, कॅंटीनच्या मागे. तिथला नळ दुसऱ्याच कंपनीचा, आणि तोही ठिबकणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता आठव्या मजल्यावर बाईमाणूस होतंच किती? एक. आणि ती एक होती म्हणून ही गोष्ट आहे.

तिला कारखान्यात सगळे गळतीबाई म्हणायचे. हे नाव चेष्टेचं नव्हतं, मानाचं होतं. कुठं पाणी ठिबकत असेल तर तिला तीन भिंतींपलीकडून ऐकू यायचं. तिच्या मुलीच्या जन्माच्या वेळची गोष्ट तर अख्ख्या कारखान्याला पाठ होती. कळा सुरू झालेल्या, नर्स म्हणतेय, "जोर लावा," आणि ही म्हणतेय, "आधी तो कोपऱ्यातला नळ बघा, वॉशर गेलाय त्याचा." शेवटी नर्सने वैतागून वॉर्डबॉयला बोलावलं, त्याने नळ आवळला, ठिबक थांबली, आणि तेव्हाच पोरगी बाहेर आली. तोवर आतच थांबली होती म्हणे. आईचीच लेक.

अशी ही बाई साध्या इंजिनियरपासून चढत चढत कारखान्याची मुख्य झाली. मग एक दिवस सरकारी नियम आला की प्रत्येक मोठ्या कंपनीच्या बोर्डावर निदान एक तरी बाई पाहिजे. मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक आणि बोर्डाचे अध्यक्ष, आठवडाभर घरातल्या बायकांची नावं आठवत बसले. बायको म्हणाली, "मला झोप येते मीटिंगमध्ये." बहीण म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंच नाही." मग साहेबांना गळतीबाईंची आठवण झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तर बाई संचालक झाल्या. वर्षाच्या अहवालात त्यांचे फोटो छापले, चांगले पाच. फोटोवाल्याने त्यांना पाच वेळा कपडे बदलायला लावले. एकात चष्मा, एकात बिनचष्म्याच्या, एकात पाठमोऱ्या. उद्देश असा की अहवाल चाळणाऱ्याला वाटावं, या कंपनीत बायकाच बायका आहेत. बाईंच्या नवऱ्याने तो अहवाल बघून विचारलं, "ही पाठमोरी कोण गं? बरी दिसतेय." तो घरी असाच, दोन ओळींचा माणूस. एक ओळ बोलायची आणि दुसरी पेपरातल्या कोड्यात भरायची.

बोर्डावर बाई सोडून आठ पुरुष. मोठे साहेब, रिटायर व्हायला आलेले एमडी, एक कर्नल, एक बँकवाले, एक वकील, एक डॉक्टर, एक डुलकीसाहेब, जे खुर्चीत टेकले की त्यांचा डोळा लागायचा, आणि आठवा साहेबांचा भाचा. भाचा परदेशात शिकून आला आणि थेट खुर्चीतच बसला. कानामागून आला आणि तिखट झाला. नळाचे आटे उलटे का सुलटे हे त्याला कळायचं नाही, पण बाईंना तो भर मीटिंगमध्ये आँटी म्हणायचा.

"आँटी, तुम्ही ना, सुपर आहात!"

"मी तुझी आँटी नाही. मी तुझ्या कारखान्याची मुख्य आहे."

"तेच तर म्हणतोय ना, आँटी!"

पालथ्या घड्यावर पाणी.

पण खरा वैताग वेगळाच होता. मोठ्या साहेबांची एक सवय होती. मीटिंगमध्ये कुठलाही महत्त्वाचा विषय निघाला, बोलणं झालं, आता हात वर करायचे, की साहेब खुर्ची मागे सारून म्हणायचे, "चला, पाच मिनिटं मोकळं होऊन येऊ."

आठही पुरुष उठायचे. शाळा सुटल्यासारखे त्या चकचकीत दारातून आत जायचे. बाई लिफ्टने पहिल्या मजल्यावर जायच्या, कॅंटीनमागच्या रांगेत उभ्या राहायच्या, ठिबकणारा नळ सवयीने आवळायच्या, परत लिफ्टची वाट बघायच्या, आणि वर येऊन बघतात तर विषय संपलेला.

"ठरलं?" पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"ठरलं की."

"कधी?"

"आत्ताच."

"कोण काय म्हणालं?"

साहेब डोकं खाजवायचे. "कोण काय म्हणालं असं नाही हो बाई. सहज बोलणं झालं."

आणि कमाल म्हणजे यात कुणाचं कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं, कपटाशी भांडता तरी येतं. हे आठही जण सरळ मनाचे. फक्त उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून, एकजण काहीतरी बोलायचा, दुसरा "हं" म्हणायचा, तिसरा त्या "हं"ला "हं" म्हणायचा, आणि हात धुवेपर्यंत ठराव पास. त्यांना स्वतःलाही कळायचं नाही की आपण काही ठरवलं.

बाईंनी सगळे उपाय केले. सकाळपासून पाण्याचा घोट न घेता मीटिंगला बसून बघितलं. साहेब म्हणाले, "मोकळं होऊन येऊ." बाई म्हणाल्या, "मला जायचं नाही, मी इथंच थांबते." थांबल्या. एवढ्या मोठ्या टेबलापाशी एकट्या, समोर बिस्किटांची बशी, आणि भिंतीपलीकडून आठ पुरुषांच्या हसण्याचा आवाज. सगळे परत आले तेव्हा विषय संपलेला, आणि बिस्किटंही. रागाच्या भरात बाईंनीच संपवली होती.

मग त्यांनी सरळ अर्ज केला. आठव्या मजल्यावर बायकांसाठी एक स्वच्छतागृह करा. नळ आपले, बेसिनं आपली, गवंडी आपला. अडचण काय? मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि एक समिती नेमली. समितीचा प्रमुख कोण, तर भाचा. सभासद वकील आणि डॉक्टर. समितीने वर्षभर विचार केला. विचार कुठं केला असेल ते सांगायला नको. मग भाच्याने रंगीत तक्ते दाखवून सांगितलं, "आँटी, प्रॉब्लेम असा आहे की वापरणारी व्यक्ती एकच. एकीसाठी एवढा खर्च बसत नाही. दुसरी कुणी आली की लगेच करू."

"आणि दुसरी का येत नाही?"

"तोही अभ्यास केला आम्ही. ज्यांना ज्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, आठव्या मजल्यावर सोय नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने बाईंकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उजाडलं नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली आणि एमडींनी जाहीर केलं की आपण आता निवृत्त होणार. नवा एमडी पुढच्या मीटिंगमध्ये ठरायचा होता. नावं दोन, बाई आणि भाचा.

बाईंना ती खुर्ची हवी होती. आडून नाही, लाजून नाही. सरळ हवी होती. या कंपनीचा प्रत्येक नळ त्यांच्या हाताखालून गेला होता. आणि भाचा त्या खुर्चीत बसला तर पितळ जाऊन प्लास्टिक येणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मग उरलेली सगळी नोकरी त्या आँटी म्हणून गळत्या मोजत काढणार.

मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काहीतरी कडू गिळायला देणार हे बाईंनी ओळखलं.

"बाई, तुम्ही या कंपनीची आई आहात."

"बरं."

"आईला काय हो पदाचं? मुलं मोठी झाली की आई खूश."

"आईला पगारवाढ नसते साहेब, म्हणून तिला खूश राहावं लागतं," बाई म्हणाल्या. "आणि आई आहेच तर बापाची खुर्ची रिकामी होतेय. तीही सांभाळेन. घरोघरी बायका दोन्ही सांभाळतातच."

साहेब हसले. मनापासून हसले. "काय बोलता हो तुम्ही! म्हणून तर तुम्ही सगळ्यांना आवडता."

आवडतात, हीच तर रड होती.

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि त्यांनी पर्स सोफ्यावर अशी आपटली की सोफ्यावर बसलेल्या सासूबाई चार बोटं वर उडाल्या. सासूबाईंचं वय काय ते कुणालाच माहीत नव्हतं, दरवर्षी त्या वेगळं सांगायच्या. पण जीभ अजून पंचविशीतली.

"काय झालं? परत त्या मोकळं व्हायच्या खोलीत ठरलं वाटतं?"

"अजून नाही. परवा ठरेल. मी लिफ्टमध्ये असेन तेव्हा."

"मग जाऊ नकोस लिफ्टमध्ये."

"आई, न जाऊन काय करू? मला आत थोडंच जाता येतं?"

सासूबाईंनी पाय वर घेतले, म्हणजे आता गोष्ट सुरू. "आम्ही नवीन बिऱ्हाड केलं होतं ना, तेव्हा आमच्या गल्लीतली सगळी कामं कुठं ठरायची माहितेय? सलूनमध्ये. पाणी कधी सोडायचं, दिवे कुठं लावायचे, सगळं दाढी करता करता. आम्ही बायका घागरी घेऊन ताटकळायचो आणि हे लोक गालाला साबण लावून ठरवायचे की पाणी पहाटे सोडू. पहाटे! म्हणजे उठायचं कुणी? आम्ही!"

"मग?"

"मग एक दिवस मी गेले आणि खुर्चीत बसले. न्हावी म्हणाला, वहिनी, काय पाहिजे? म्हटलं, दाढी."

"आई!"

"अगं, खरंच. त्याने कापड बांधलं, साबण लावला. मी फेसातून बोलले. म्हटलं, पाणी सकाळी आठला सोडा. कोण नाही म्हणणार? सगळ्यांचे गळे वस्तऱ्याखाली, आणि वस्तरा धरणाऱ्याची बायकोही घागर घेऊन ताटकळणारी. तो म्हणाला, वहिनी बरोबर बोलतात. झालं! आठला पाणी."

नवऱ्याने पेपरातून मान वर केली. "आई, मागच्या वेळी तू शिंप्याच्या दुकानात गेली होतीस."

"ते दिव्यांच्या वेळी," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेला डोळा मारला.

मीटिंगच्या दिवशी बाई वेळेआधी जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी सेक्रेटरीकाका बसायचे. हे कंपनीचे सेक्रेटरी, काडीसारखे सडपातळ, आणि नियमाला इतके पक्के की घरी म्हणे जेवणाआधीही आजचा विषय वाचून दाखवतात. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहायचं त्यांचं काम. तेही वैतागलेले. कारण ते बिचारे वही उघडून खोलीत बसून राहायचे आणि निर्णय भिंतीपलीकडे व्हायचा. त्यांच्या वहीत चर्चा अर्ध्यावर तुटायची आणि पुढच्या ओळीत ठराव आभाळातून पडायचा.

आधी भाचा बोलला. पडद्यावर डोंगर आले, गरुड आला, उगवता सूर्य आला. नळ शेवटपर्यंत आला नाही. "आपण नळ विकत नाही," भाचा म्हणाला, "आपण अनुभव विकतो." डुलकीसाहेबांनी झोपेतच टाळ्या वाजवल्या.

मग बाई उठल्या. त्यांनी पर्समधून एक नळ काढून टेबलावर ठेवला. त्यात काय बदललं की तक्रारी निम्म्यावर येतील, माल कुठं अडतो, कारखान्यातले कोण लोक सोडून चाललेत आणि का, सगळं सांगितलं. कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं, बँकवाले पुढे सरकून ऐकायला लागले. डुलकीसाहेबांनी एक डोळा उघडला, जे कंपनी सुरू झाल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं.

"अप्रतिम," बँकवाले म्हणाले.

"फर्स्ट क्लास," कर्नल म्हणाले.

बाईंना वाटलं, झालं. आता हात वर होतील.

मोठे साहेब उठले. खुर्ची मागे सरली. "चला, पाच मिनिटं मोकळं होऊन येऊ."

"साहेब," बाई म्हणाल्या, "आधी हात वर करा, मग जा."

"अहो बाई, एवढा मोठा निर्णय, भरल्या पोटी घ्यायचा का?"

"मग निदान भाचेसाहेबांनी तरी इथं थांबावं. ते उमेदवार आहेत. मी इथं आहे, त्यांनीही राहावं."

"आँटी, निसर्गाची हाक आहे. तिला काय सांगू, मी उमेदवार आहे?"

सगळे हसले. हसतच गेले. दार मिटलं.

बाई उठल्या. लिफ्टकडे वळल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. कधी नव्हे ते त्यांनी त्या चकचकीत दाराला कान लावला. तीन भिंतींपलीकडची ठिबक ऐकणारे कान ते, एका दाराचं काय!

आतून मोठ्या साहेबांचा आवाज आला, मायेने भरलेला. "बाईंबद्दल प्रश्नच नाही हो. बाई उत्तमच."

"हं," कुणीतरी म्हणालं.

"पण एमडीची केबिन या मजल्यावर. दिवसभर इथं बसायचं. आणि या मजल्यावर बायकांची काही सोय आहे का? प्रत्येक वेळी बिचारीनं सात मजले खाली जायचं, सात मजले वर यायचं. या वयात! किती गैरसोय."

"हं."

"बाईंवर अन्याय नको व्हायला."

"हं, हं."

बाईंच्या डोक्यात काय झालं ते शब्दात सांगता येणार नाही. मुख्य पाइप फुटतो तेव्हा आधी एक क्षण काहीच होत नाही, सगळं गप्प असतं, तसं झालं. मग त्यांनी मागे वळून सेक्रेटरीकाकांना हाक मारली. "काका, वही घ्या. मीटिंग इथं चालू आहे."

आणि दार ढकलून आत गेल्या.

आता आत काय गोंधळ उडाला! बाई शिरल्या त्या थेट दाराकडेच तोंड करून उभ्या राहिल्या, पाठ सगळ्यांकडे. कुणाची अब्रू घ्यायची नव्हती त्यांना. पण आठ पुरुषांना ते कुठं कळतंय? आठही जण एका क्षणात गर्रकन वळले. पाठ फिरवली की फ्लश व्हायचाच. बाईंनी स्वतः बसवलेली रचना होती ती. सगळे फ्लश एकदम सुटले. घाबरून सगळे बेसिनकडे धावले, हात पुढे आले, सगळे नळ एकदम सुरू झाले. इतकं पाणी एकदम ओढलं गेलं की खाली चौथ्या मजल्यावर हिशेबनिसांच्या तोंडाला साबण लागलेला आणि नळ कोरडा. ते तसेच आंधळ्यासारखे चाचपडत जिन्यात आले म्हणे, आणि जिन्यात त्यांना भेटलेल्या बाईने वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

"बाई!" मोठे साहेब ओरडले. "हे काय? ही पुरुषांची जागा आहे!"

"मला वाटलं बोर्डाची आहे," बाई दाराला म्हणाल्या. "चालू द्या. पाठ इकडे आहे, कान तिकडे आहेत. माझी गैरसोय होईल, इथपर्यंत आलं होतं. पुढे?"

नुसते नळ वाहत होते.

एवढ्यात दार थोडंसं उघडलं. फटीतून सेक्रेटरीकाकांचं नाक आणि वही आत आली. "साहेब, सगळे संचालक इथं, विषय आजचाच, चर्चा चालू. नियमाने ही मीटिंगच झाली. फक्त स्थळ काय लिहू?"

"कसलं स्थळ?"

"मीटिंगचं स्थळ लिहावं लागतं साहेब. पुरुषांचा संडास लिहू, का प्रसाधनगृह लिहू?"

"काही लिहू नका!"

"मग निर्णयही लिहिता येणार नाही. निर्णय न लिहिता एमडी होत नाही."

काकांच्या आवाजात इतक्या वर्षांचं समाधान भरून आलं होतं.

सगळे खाली मान घालून बोर्डाच्या खोलीत परत आले. आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या घाईत कुणीच मोकळं झालं नव्हतं. कर्नलसाहेब पायावर पाय टाकून, दात आवळून बसले. वकील खुर्चीत डावीकडे सरकले, मग उजवीकडे. डॉक्टरांच्या कपाळावर घाम.

बाई शांतपणे बसल्या. तीन वर्षं त्या या टेबलापाशी अशाच बसत आल्या होत्या, त्यांना याचा सराव होता.

"तर साहेब, आत जे बोललात ते इथं बोला. काका लिहून घेतील."

मोठ्या साहेबांनी तोंड उघडलं. काकांनी पेन टेकवलं. साहेबांनी तोंड मिटलं. "म्हणजे... बाईंना... या मजल्यावर..." आत भिंतीकडे तोंड करून जे एवढं शहाणपणाचं वाटत होतं, ते इथं उजेडात, वहीसमोर, गळ्यातून बाहेर येईना. जगभर संडास पुरवणाऱ्या कंपनीने संडास नाही म्हणून माणूस नाकारला, असं लिहून घेणार होते काका, सहीसकट.

"बाई, आधी पाच मिनिटं..." कर्नल कळवळून म्हणाले.

"जा की. माझी कुठं हरकत आहे?" बाई म्हणाल्या. "फक्त एकेकाने जा."

"एकेकाने?"

"खोली आहे ती, सभागृह नाही. एकजण जाऊन आला की दुसरा. आलात की हात वर करून सांगायचं, कोण हवं. आम्ही दोघं उमेदवार मत देत नाही. राहिलात सात."

नाही म्हणायला कुणाच्यात ताकद नव्हती. कर्नल पहिले उठले, उठले म्हणजे पळालेच. आणि मग जे झालं ते त्या कंपनीत आजवर कधी झालं नव्हतं. एक पुरुष त्या खोलीत एकटा होता. शेजारी "हं" म्हणायला कुणी नाही. भिंत, पाणी आणि आपलं आपण.

कर्नल बाहेर आले. चेहरा मोकळा झाला होता. "बाई," ते म्हणाले आणि हात वर केला. "मला तर पहिल्यापासून बाईच हव्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?" बाईंना राहवेना.

"कुणीच बोलत नव्हतं."

बँकवाले जाऊन आले. "बाई. मलाही तसंच वाटत होतं. पण मला वाटलं, मला एकट्यालाच वाटतंय."

बाईंनी कपाळावर हात मारला.

वकील आले, भाचा म्हणाले. डॉक्टर आले, तेही भाचा म्हणाले. ज्याला जे वाटतं ते. निदान ते त्यांचं स्वतःचं तरी होतं. एमडी आले, टेबलावरचा नळ हातात घेतला आणि म्हणाले, "बाई. माझ्या नावावर जे काही चांगलं झालं ते हिनेच केलंय. आता सांगून टाकतो, जातोच आहे." मोठे साहेब आले, भाच्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "भाचा. घरी जायचंय मला."

तीन तीन. राहिले डुलकीसाहेब. त्यांना हलवून उठवलं. ते गेले ते येईनात. भाचा नखं खायला लागला. बाई टेबलाखाली मुठी आवळून बसल्या, इतक्या वर्षांची सगळी उमेद एका झोपाळू माणसाच्या परत येण्यावर टांगलेली. शेवटी दार उघडलं. डुलकीसाहेबांनी तोंडावर पाणी मारलं होतं, दोन्ही डोळे टक्क उघडे. कुणाला माहीतच नव्हतं की ते घारे आहेत.

"मी इतकी वर्षं झोपतो," ते म्हणाले, "कारण इथं ऐकण्यासारखं कुणी बोलत नाही. आज एकदाच जाग आली. नळ दाखवला तेव्हा." त्यांनी हात वर केला. "बाई."

काकांनी लिहिलं. स्थळ, बोर्डाची खोली. अक्षर इतकं सुरेख आलं की म्हणे नंतर त्यांनी ते पान बायकोला नेऊन दाखवलं.

मोठे साहेब बाईंपाशी आले, हात पुढे केला आणि मनापासून म्हणाले, "अभिनंदन! बघा, बायकांना पुढे आणण्यात आपली कंपनी कशी आघाडीवर आहे! फोटोवाल्याला बोलावतो. या वेळी सहा काढू."

बाईंनी पर्स उचलली, त्यांना आधी खाली जायचं होतं. सात मजले. लिफ्ट तळमजल्यावर अडकलेली. जिन्याने उतरता उतरता त्या जगातल्या यच्चयावत पुरुषांना मनातल्या मनात जे काय म्हणाल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एमडी म्हणून त्यांनी पहिली सही कशावर केली, ते कुणीही ओळखेल. कंत्राटदार टेप घेऊन आठव्या मजल्यावर आला, भिंत मोजली आणि विचारलं, "मॅडम, किती जणींसाठी करायचं? समितीच्या कागदावर एक लिहिलंय."

"रांग लागेल इतक्या येणार आहेत," बाई म्हणाल्या. "रांग लागू नये एवढं मोठं करा."

कंत्राटदाराने भिंतीकडे बघितलं. "मग समोरची खोली थोडी आत घ्यावी लागेल."

"घ्या," बाई म्हणाल्या. समोरची खोली भाच्याची होती.

त्या दिवशी घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकून घेतलं, फ्लशचा भाग दोनदा. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, आता खरं सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्ही खरंच सलूनमध्ये जाऊन दाढीला बसला होतात?"

सासूबाईंनी सुनेचा हात धरला आणि आपल्या सुरकुतलेल्या गालावर ठेवला. "बघ हात लावून," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून एक केस उगवला असेल तर शपथ."